छायाचित्रातली आगगाडी आणि चौकटीबाहेरची माणसे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी इतिहास शिकलो. सनावळ्या पाठ करून घेण्याकडे त्यांचा ओढा नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याने पुस्तकातले वाक्य घडाघडा म्हणून दाखवले, की गुरुजी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत आणि एकच शब्द उच्चारीत, "कशावरून?" त्या एका शब्दाने आमच्यापैकी कित्येकांची भंबेरी उडत असे. पुढे मी स्वतः शिक्षक झालो, तेव्हा हाच शब्द गुरुदक्षिणेसारखा माझ्यापाशी राहिला. आजच्या व्याख्यानात मी तोच शब्द एका छायाचित्राला लावून पाहणार आहे.

विषय दिसायला लहान आहे. जुने आगगाडीचे छायाचित्र घ्यावे, दुरुस्त करून पुन्हा वाफेवर आणलेले इंजिन त्याच जागी उभे करावे, माणसे त्याच रीतीने उभी करावीत, आणि तेच चित्र नव्याने टिपावे, असा एक छंद जगभर रूढ झाला आहे. हा नुसता हौसेचा खेळ आहे, की त्यातून इतिहासाला काही मिळते? माझ्या मते मिळते. पण जे मिळते ते बहुधा आपण शोधायला निघालो त्यापेक्षा वेगळे असते.

प्रारंभ आपल्या सर्वांच्या परिचयाच्या घटनेपासून करतो. १६ एप्रिल १८५३ रोजी, शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास, मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, एकवीस तोफांची सलामी आणि एकवीस मैलांचा प्रवास, हा तपशील शालेय पुस्तकांतून आपण वाचलेला आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या उभारणीत ज्यांचा वाटा मोठा होता ते नाना शंकरशेट त्या गाडीतील प्रवाशांत होते. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने गाडीला जोडली होती, असे परंपरा सांगते.

या घटनेचे म्हणून एक छायाचित्र दिनदर्शिकांवर, स्मरणिकांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत वारंवार छापले जाते. खाडीवरचा कमानींचा पूल आणि त्यावर उभी असलेली छोटीशी गाडी. खाली ओळ असते, 'भारतातील पहिली आगगाडी, १६ एप्रिल १८५३'. मी स्वतः वर्गाच्या भिंतीवर हे चित्र कित्येक वर्षे लावले होते. एके दिवशी आठवीतल्या एका मुलाने नकाशा पुढे ठेवून विचारले, "सर, गाडी ठाण्यापर्यंतच गेली ना? मग ती खाडीच्या पुलावर कशी पोचली?"

मी निरुत्तर झालो. प्रश्न बिनतोड होता. मुंबईहून निघालेल्या गाडीला ठाण्याचे स्थानक आधी लागते आणि खाडी पुढे. खाडी ओलांडणारा मार्ग कल्याणकडे जाणारा, आणि तो प्रवासी वाहतुकीला खुला झाला १ मे १८५४ रोजी. म्हणजे खाडीच्या पुलावरची गाडी त्या ऐतिहासिक शनिवारची असूच शकत नाही. त्या दिवसाचे जे चित्र आपल्यापर्यंत आले आहे ते 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकात १८५३ साली छापलेले, लाकडी ठशावर कोरलेले रेखाटन आहे. गुरुजी असते तर त्या मुलाच्या पाठीवर थाप पडली असती आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले गेले असते.

या चुकीत आणखी एक धडा दडलेला आहे, आणि तो छायाचित्रणाच्या तंत्राचा आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा आणि थर वाळण्यापूर्वी अंधारात नेऊन चित्र उमटवायचे. सगळा व्यवहार दहा-पंधरा मिनिटांचा. त्यामुळे छायाचित्रकाराला अंधारी राहुटी बरोबर न्यावी लागे. प्रकाश द्यायला कित्येक सेकंद लागत. एवढ्या वेळात धावती गाडी काचेवर उमटली तर धुक्याच्या पट्ट्यासारखी उमटेल. तेव्हा त्या काळच्या छायाचित्रात जी गाडी स्पष्ट दिसते, ती उभी आहे, आणि चित्रासाठीच उभी केलेली आहे. कोणीतरी ड्रायव्हरला हात करून थांबवले आहे, कोणीतरी प्रवाशांना हलू नका म्हणून सांगितले आहे.

याचा अर्थ असा की आपण ज्याला अस्सल म्हणतो, तेही एका परीने मांडलेले दृश्यच होय. आज जुन्या चित्राची पुनर्रचना करणारा माणूस एका रचनेचीच दुसरी रचना करीत असतो. हे ध्यानात ठेवले म्हणजे अस्सल आणि नक्कल यांच्यातले अंतर आपण समजतो तेवढे सोपे राहत नाही.

मुंबईत या कलेला लवकरच पाय फुटले, हेही येथे सांगितले पाहिजे. १८५४ साली तेथे छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या दोघांनाही या नव्या विद्येची ओढ होती. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आले. आगगाडी आणि कॅमेरा ही दोन यंत्रे आपल्याकडे जवळजवळ हातात हात घालून आली.

आता मुंबई सोडून आपल्या माळव्याकडे वळू. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज शिंदे-होळकरांच्या पदरी या प्रांतात आले. तलवारीची आणि लेखणीची हकीकत आपण सांगतो, पण रुळांची सांगत नाही. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० च्या सुमारास खंडवा ते इंदूर या मार्गासाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने. ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांनी इंदूर-नीमच मार्गासाठी ७५ लाख रुपये दिले आणि त्या मार्गाला शिंद्यांचे नाव लागले. त्या मार्गाची फतेहाबादहून उज्जैनकडे येणारी शाखा ऑगस्ट १८७६ मध्ये खुली झाली. आपल्या या पुरातन नगरीत पहिली शिटी वाजली ती तेव्हा. दोन्ही मार्ग एक मीटर रुंदीचे होते, आणि पुढे ते राजपुताना-माळवा रेल्वेत विलीन झाले.

होळकरांच्या रेल्वेची एक हकीकत आपण ऐकली असेल. इंदूरला चाचणीसाठी आणलेले पहिले इंजिन हत्तींनी ओढून आणले, अशी ती आहे. ऐकणारा हसतो आणि राजेरजवाड्यांची हौस म्हणून सोडून देतो. पण जरा सनावळी मांडून पाहू. फतेहाबाद-उज्जैनची शाखा चालू झाली १८७६ साली. नर्मदेवरचा मोरटक्क्याचा पूल त्याच वर्षी ऑक्टोबरात खुला झाला. पातालपाणी-कालाकुंडचा घाट ओलांडून खंडवा-इंदूर मार्ग पुरा व्हायला त्यानंतरही वर्ष-सव्वा वर्ष लागले. मग घाटमाथ्यावर लागणारे इंजिन घाटातून रूळ येण्यापूर्वी वर कसे चढणार? ते सडकेनेच चढणार, आणि त्या काळी सडकेने एवढे वजन ओढायला हत्ती कामी येणारच. ज्याला आपण मौज समजतो ती निकड होती, असा माझा तर्क आहे. गुरुजींच्या "कशावरून?" ला मी तारखांची ही साखळी उत्तर म्हणून देतो. ज्याला यापेक्षा चांगला पुरावा मिळेल त्याने तो जरूर पुढे आणावा.

उद्या कोणी म्हणाले, 'चला, उज्जैनला मीटरगेजचे इंजिन उभे करून शंभर वर्षांपूर्वीचे चित्र पुन्हा काढू', तर ते करता येणार नाही. फतेहाबादची ती शाखा २०१४ साली बंद झाली आणि रुंद होऊन नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा खुली झाली. एकेकाळी आपल्या गावात तीन रुंदींचे रूळ होते. भोपाळकडचा ब्रॉडगेज, फतेहाबादकडचा मीटरगेज, आणि १९३२ साली सुरू झालेला आगरकडचा दोन फुटी नॅरोगेज. आगरची ती छोटी गाडी १९७५ च्या सुमारास गेली, रूळही उखडले गेले. ज्यांच्या नावाने आपले हे माधव नगर वसले आहे, त्या माधवराव महाराजांना आगगाडीचे वेड होते. ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादातील भोजनाच्या टेबलावर फिरणारी त्यांची चांदीची गाडी आजही लोक पाहायला जातात. त्यांच्या संस्थानातली ग्वाल्हेर-श्योपूर ही दोन फुटी गाडी २०२० पर्यंत धावत होती, मग तीही थांबली. घाटातल्या पातालपाणी-कालाकुंड तुकड्यावर २०१८ च्या डिसेंबरात वारसा-गाडी सुरू झाली, पण तिला डिझेलचे इंजिन लावण्यात आले. सांगायचे तात्पर्य हे, की इंजिन दुरुस्त करता येते, पण त्याच्या पायाखालची वाट गेली तर चित्र पुरे होत नाही.

परदेशात या छंदाचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. १० मे १८६९ रोजी युटा प्रांतात प्रॉमॉन्टरी या ठिकाणी पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले. ज्युपिटर आणि ११९ क्रमांकाचे अशी दोन इंजिने समोरासमोर उभी आहेत, दोन्हीकडचे लोक हस्तांदोलन करीत आहेत, असे ए. जे. रसेल याने काढलेले छायाचित्र त्या देशाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. मूळ इंजिने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोडीत निघाली. १९७९ साली त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती तयार झाल्या. मूळ आराखडे हाती नसल्याने जुन्या छायाचित्रांवरून मापे काढून नवे आराखडे बनवावे लागले. पण रंग कोणता द्यावा? ओल्या काचेला निळा रंग पांढरा दिसतो आणि तांबडा काळा. म्हणून चित्रावरून रंग सांगता येत नाही. आधी तर्काने रंग दिले, पुढे अधिक माहिती हाती आल्यावर ते बदलले. चूक कबूल करून रंग पुसणे हा इतिहासकाराचा धर्म तेथील कारागिरांनी पाळला.

पण त्या चित्रातली खरी उणीव रंगाची नव्हती. पश्चिमेकडून येणारा मार्ग ज्यांनी डोंगर फोडून घातला, ते हजारो चिनी मजूर त्या गाजलेल्या चित्रात जवळजवळ दिसतच नाहीत. २०१४ साली, त्या घटनेला १४५ वर्षे झाली तेव्हा, कॉर्की ली नावाच्या छायाचित्रकाराने त्या मजुरांचे वंशज आणि इतर आशियाई-अमेरिकी लोक जमवले, त्याच जागी, त्याच इंजिनांपुढे उभे केले, आणि चित्र पुन्हा काढले. मूळ चित्राची ती नक्कल नव्हती, दुरुस्ती होती. पुनर्रचनेचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

आपल्याकडे अशी दुरुस्ती कोठे करावी, असे कोणी विचारले तर मी बोरघाटाकडे बोट दाखवीन. खंडाळ्याचा तो चढ १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. १८६१ साली तेथे एका वेळी बेचाळीस हजार माणसे कामावर होती. पटकी, ताप आणि अपघात यांनी त्या वर्षांत वीस हजारांच्या पुढे माणसे दगावली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मजुरी वेळेवर मिळत नाही म्हणून १८५९ साली तेथे मजुरांचा उठावही झाला. त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल नावाचा नवा कंत्राटदार आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने काम अंगावर घेऊन अनुभवी अभियंत्यांच्या हातून ते तडीस नेले. घाटातल्या कामाची जी छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांचा एक संग्रह याच बाईंच्या नावावर आहे. पूल आहेत, कमानी आहेत, दऱ्या आहेत. माणसे आहेत ती मुंगीएवढी, पुलाची उंची कळावी म्हणून.

ही शेवटची गोष्ट मला पूर्वी केवळ पुस्तकी वाटत असे. ती अंगावर आली एका घरच्या छायाचित्रामुळे. विषयाची गरज म्हणून येथे थोडे स्वतःविषयी बोलतो, त्याबद्दल क्षमा असावी.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, मीटरगेजच्या एका शेडमध्ये फायरमन होते. आमच्या घरात भिंतीवर एकच छायाचित्र होते. १९५८ साली शेडमध्ये नवे वायजी जातीचे इंजिन आले, तेव्हाचे. इंजिनापुढे आठ माणसे एका ओळीत उभी आहेत. अण्णा डावीकडून तिसरे. कपाळाला आठ्या, डोळे बारीक, ओठ घट्ट मिटलेले. आम्हा भावंडांना ते चित्र पाहून धाकच वाटे. अण्णा माझ्या बालपणीच गेले. त्यामुळे ते कडक स्वभावाचे होते ही आमची समजूत मुख्यतः त्या चित्रावर पोसलेली. आई कधीमधी म्हणे, "अरे, ते कुठले रागावायला?" पण आमचा विश्वास चित्रावर अधिक.

चित्राच्या पाठीमागे अण्णांच्या हातची शाई आहे. सात नावे लिहिली आहेत आणि शेवटी 'व एक खलाशी' असे शब्द आहेत. तो आठवा माणूस उजव्या कडेला आहे. चौकटीने त्याचे अर्धे अंग कापले आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या काही माजी विद्यार्थ्यांनी हट्ट धरला, की सर, हे चित्र आपण पुन्हा काढू. दुरुस्त केलेली वाफेची इंजिने हरियाणात रेवाडीच्या जुन्या शेडमध्ये सांभाळली जातात. १८५५ साली लीड्समध्ये घडलेली आणि १९९७ साली पेरांबूरच्या कारखान्यातून पुन्हा चालती होऊन आलेली 'फेअरी क्वीन' पुढे याच शेडमध्ये राहू लागली. दिल्ली-रेवाडी हा १८७३ साली खुला झालेला, देशातल्या आद्य मीटरगेज मार्गांपैकी एक, आणि पुढे आपल्या उज्जैनसह तो त्याच राजपुताना-माळवा रेल्वेत गेला. तेव्हा घराण्याच्या दृष्टीने रेवाडीचे इंजिन आपल्या अण्णांच्या इंजिनाचे भाऊबंदच. रीतसर परवानगी काढून आम्ही गेलो. त्या दिवशी एक वायजी इंजिन वाफेवर होते.

वाफेचे इंजिन उभे करणे म्हणजे दिव्याची कळ दाबणे नव्हे. थंड बॉयलर तापायला कित्येक तास लागतात. घाईने तापवला तर पोलाद ठिकठिकाणी कमी-अधिक प्रसरण पावते आणि सांधे गळू लागतात. शेडमधली मंडळी रात्रीपासून जागी होती. आमच्यातल्या एका तरुणाने कॅमेरा सरसावला आणि ड्रायव्हरला विनंती केली, "चाचाजी, थोडा काला धुआँ निकालिए।" म्हातारा ड्रायव्हर हसला. म्हणाला, काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. आमच्या वेळी असा धूर निघाला तर फायरमनची मान खाली जाई. मी चटकन अण्णांचे चित्र पिशवीतून काढून पाहिले. इंजिनाच्या धुराड्यावर धूर जवळजवळ नव्हताच. इतकी वर्षे मला वाटत होते, की इंजिन बंद असावे. त्या माणसांनी आग स्वच्छ ठेवली होती, आणि स्वच्छ आगीचा पुरावा आम्ही थंड इंजिन म्हणून वाचला होता.

मग आम्ही सावल्या जुळवल्या. चित्रात चाकांच्या सावल्या आखूड आणि इंजिनाच्या मागच्या अंगाला पडल्या होत्या. त्यावरून वेळ साधारण सकाळी दहा-अकराची आणि सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी, हे उघड होते. तसे आम्ही उभे राहिलो. मी अण्णांच्या जागी, डावीकडून तिसरा. दोन मिनिटांत आम्हा सर्वांच्या कपाळाला आठ्या पडल्या, डोळे बारीक झाले, ओठ मिटले. समोर ऊन, मागे तापलेले लोखंड. कॅमेरा धरलेला तरुण ओरडला, "सर, रागावल्यासारखे दिसताय!"

श्रोतेहो, त्या क्षणी मला आईचे वाक्य आठवले. सत्तरी ओलांडलेल्या मुलाला आपला बाप रागीट नव्हता, हे उन्हात उभे राहिल्यावर कळले. पुराव्याचा अर्थ लावताना आम्ही प्रकाश कोणत्या बाजूने येतो एवढेही पाहिले नव्हते.

पण त्या दिवसाचे खरे ओझे वेगळेच होते. सात जागा चटकन भरल्या. आठव्या जागी कोणी जाईना. जो तो म्हणे, मी अर्धाच दिसेन. अखेर सर्वांत धाकटा मुलगा तेथे जाऊन उभा राहिला. कॅमेऱ्यातून पाहणाऱ्याने पुन्हा पुन्हा मागे-पुढे होऊन चौकट जुळवली आणि म्हणाला, "सर, ही चौकट माणसांवरून धरलेलीच नाही. बफरपासून ड्रायव्हरच्या कोठडीच्या टोकापर्यंत इंजिन बरोबर बसते. माणसे त्या मापात उभी केली आहेत. जो मापाबाहेर गेला तो कापला गेला."

रेवाडीची जागा वेगळी, कॅमेरा वेगळा. तेव्हा याला मी निर्णायक पुरावा म्हणणार नाही. परंतु घरी येऊन मूळ चित्रावर पट्टी ठेवली तेव्हा इंजिनाच्या दोन्ही बाजूंना सारखीच मोकळी जागा निघाली. छायाचित्र नव्या इंजिनाचे होते. आमचे अण्णा, ते ड्रायव्हर, तो फिटर, सगळे इंजिनाची उंची कळावी म्हणून होते, बोरघाटाच्या पुलावरच्या मजुरांसारखे. आणि त्यातही एकाला पुरते अंगही मिळाले नाही, नावही नाही.

मला स्वतःला दोष दिल्याशिवाय राहवत नाही. इंजिनाची चौकट छायाचित्रकाराने धरली असेल, पण 'व एक खलाशी' हे शब्द अण्णांचे आहेत. त्यांना ते नाव ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही. त्याच शेडमध्ये, त्याच राखेत काम करणारा माणूस. नाव लिहिण्याइतकी जागा कागदावर होती, मी मोजून पाहिली आहे. मग का लिहिले नाही? वरच्या-खालच्या पायरीची ती सवय होती, की केवळ घाई? याचे उत्तर देणारा आता कोणी हयात नाही. रागीटपणाच्या आरोपातून मी वडिलांना मुक्त केले, पण हा दुसरा प्रश्न त्याच चित्राने माझ्या हाती ठेवला. पुनर्रचना करणाऱ्याने याची तयारी ठेवावी. जुने चित्र आपल्याला हवे तेवढेच सांगून थांबत नाही.

रेवाडीत काढलेले चित्र मी आज येथे आणले आहे. सभागृहाच्या दाराशी दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावली आहेत. नव्या चित्रात आठवा मुलगा पुरता दिसतो. त्यासाठी छायाचित्रकार दोन पावले मागे सरकला आणि इंजिनाभोवतीची ती नेमकी चौकट आम्ही मोडली. हुबेहूबपणाच्या दृष्टीने ही चूक आहे. ती जाणूनबुजून केली आहे आणि चित्राच्या पाठीमागे तसे लिहूनही ठेवले आहे, म्हणजे पुढे कोणाची फसगत होऊ नये.

शेवटी एक विनंती. आपल्या शाळेच्या कपाटात आणि आपणा सर्वांच्या घरी जुनी छायाचित्रे आहेत. स्नेहसंमेलनाची, क्रीडास्पर्धांची, वर्गांची. मुख्याध्यापक आणि शिक्षक खुर्च्यांवर बसलेले असतात, आणि कडेला घंटा देणारा शिपाई उभा असतो. त्याचे नाव आपल्यापैकी काहींना अजून आठवते. दहा वर्षांनी आठवणार नाही. शाळेने यासाठी एक वही घालावी. ज्याच्याजवळ चित्र असेल त्याने ते आणावे, मागे सन लिहावा, जागा लिहावी, आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव लिहावे. कडेच्या माणसापासून आरंभ करावा. आणि नाव सांगणाऱ्याला कोणीतरी अवश्य विचारावे, "कशावरून?"